मोहरीएवढ्या शंखांचे काय करावे?

परभणी जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या दिवाळीनंतर शाळेची सहल गुहागरला गेली होती. मुलांनी हाताला लागतील ते मोठे शंख-शिंपले आणले; एका मुलीने मात्र जेवणाच्या डब्यात वाळूच भरून आणली आणि त्या वाळूत मोहरीएवढे, तिळाएवढे असंख्य शंख निघाले. सरांनी त्यांतील शंभरेक शंख निवडून जाड पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदाने चिकटवले आणि प्लायवूडच्या, काच लावलेल्या कपाटात ठेवले. पावसाळा सरल्यावर कपाट उघडले तेव्हा त्यांवर पांढरी भुकटी आलेली होती. ही बुरशी आहे का, वरून वार्निश मारले तर चालेल का, या शंखांची नावे कशी शोधायची आणि इतकी बारीक वस्तू मुलांना दाखवायची तरी कशी, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

सर, मी लातुरात महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि विभागाच्या संग्रहालयाची किल्ली 26 वर्षे माझ्याकडे होती. त्या काळात मी ज्या चुका केल्या त्यांतील निम्म्या आपल्या पत्रात मला पुन्हा भेटल्या, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आपण चार प्रश्न विचारले असले तरी मला त्यामागे एकच अडचण दिसते. एकाच शंखाकडून आपण दोन कामे करून घेऊ पाहत आहात. अभ्यासासाठी तो शंख सुटा हवा, सर्व बाजूंनी फिरवून पाहता यायला हवा, त्याच्या पृष्ठभागाला काहीही लागलेले नको आणि तो कोठून आला हे त्याच्याबरोबर लिहिलेले हवे. प्रदर्शनासाठी तो एका जागी पक्का बसलेला, उजेडात आणि लोकांच्या डोळ्यांसमोर हवा. हाताएवढ्या शंखाच्या बाबतीत ही दोन्ही कामे कशीबशी एकत्र निभतात, परंतु दोन मिलिमीटरच्या शंखाच्या बाबतीत ती निभत नाहीत. म्हणून संग्रह दोन करावेत, अभ्यासाचा वेगळा आणि मांडणीचा वेगळा. पुढचे सारे त्या अनुषंगानेच सांगतो.

प्रथम पांढऱ्या भुकटीबद्दल. वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठाम सांगता येत नाही, कारण चार वेगवेगळ्या गोष्टी पांढऱ्या दिसतात. शंख गोड्या पाण्यात नीट धुतलेले नसतील तर समुद्राचे मीठ पावसाळ्यात ओल धरते आणि हवा कोरडी झाली की बारीक चौकोनी कणांच्या रूपाने वर येते; ते एकदा नीट धुतले की पुन्हा येत नाही. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, त्यात धुतलेल्या शंखांवर चुन्याचा निस्तेज थर बसतो, पण तो पहिल्या दिवसापासूनच असतो आणि पाण्याने जात नाही. बुरशी असेल तर भिंगाखाली तंतू दिसतात आणि ती शंखापेक्षा गोंदावर, पुठ्ठ्यावर किंवा आत सुकून राहिलेल्या मांसावर आधी धरते. चौथा प्रकार मात्र शंखातूनच उगवल्यासारखा दिसतो. भुकटी किंवा बारीक सुया, खालची चमक गेलेली, पुसली तरी काही महिन्यांनी परत येणारी, आणि कपाट उघडताच किंचित आंबूस वास. आपल्या वर्णनातील प्लायवूड, पुठ्ठा, पांढरा गोंद आणि बंद कपाटातला पावसाळा हे सारे या चौथ्या प्रकाराकडेच बोट दाखवते.

याला बाइनचा रोग म्हणतात. हे नाव लोफ्टस सेंट जॉर्ज बाइन या इंग्रज संग्राहकामुळे पडले. त्याने 1899 मध्ये या दुखण्याचे वर्णन केले आणि त्याचा दोष जिवाणूंवर टाकला. रोग हा शब्द चिकटला तो चिकटलाच, परंतु हे दुखणे संसर्गाचे नसून रसायनाचे आहे. 1985 मध्ये टेनेंट आणि बेअर्ड या संशोधकांनी त्या भुकटीचे पृथक्करण करून दाखवले की ती कॅल्शियमच्या अॅसिटेट आणि फॉर्मेट क्षारांची असते. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा आणि सुतार वापरतात तो पांढरा गोंद यांतून अॅसिटिक आम्लाची, आणि लाकूड व प्लायवूडमधून फॉर्मिक आम्लाचीही, वाफ सावकाश सुटत राहते. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे एका अर्थाने चुनखडीच. बंद कपाटात, दमट हवेत ही वाफ शंखाला लागते आणि त्याचा पृष्ठभाग क्षारात बदलत जातो. व्हिनेगर चुनखडीवर टाकले की काय होते ते मुलांना ठाऊक असते. येथे तेच वर्षानुवर्षे आणि आवाज न करता घडते. शंख जितका लहान तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून कवड्या वर्षानुवर्षे टिकतात आणि तिळाएवढे शंख आधी जातात.

उपाय करताना घाई करू नये. पुठ्ठा कोमट पाण्यात तासभर भिजत ठेवावा म्हणजे गोंद रबरासारखा मऊ होतो आणि कुंचल्याच्या टोकाने शंख सुटतात. काही तुटतील, जे फारच रुतलेले असतील ते सोडून द्यावेत. सुटलेले शंख काही तास गोड्या पाण्यात ठेवून पाणी तीन वेळा बदलावे, शेवटची एक बुडी डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात द्यावी आणि कागदी रुमालावर सावलीत दोन दिवस वाळू द्यावेत. आलेले क्षार पाण्यात विरघळून जातात. गेलेली चमक मात्र परत येत नाही. तेवढे नुकसान कायमचे समजावे. त्यानंतर हे शंख त्या कपाटात परत ठेवू नयेत, कारण दुखण्याचे मूळ तेथेच बसलेले आहे. शाळेत लोखंडी कपाट असतेच, त्याचा एक कप्पा मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावा.

वार्निशबद्दल विचारलेत, तर लावू नका. वार्निश, नेलपॉलिश आणि खोबरेल तेल या तिन्हींमुळे पृष्ठभागावरील रेघा आणि खाचा भरून जातात, आणि सूक्ष्म शंखांची ओळख त्या रेघांवरच असते. शिवाय खाली आम्लाचा व्यवहार चालूच राहतो, तो नुसता झाकला जातो. संडास साफ करण्याचे आम्ल एक थेंब पाण्यात घालून शंख उजळवण्याची युक्ती किनाऱ्यावरचे काही दुकानदार सांगतात. मोठ्या जाड शंखावर ती तात्पुरती उठून दिसते, परंतु दोन मिलिमीटरचा शंख त्यात फसफसत नाहीसा होतो. हे मी ऐकीव सांगत नाही, एका दुपारी बशीत उरलेल्या धुक्याकडे पाहत बसलो होतो.

आता मला अधिक महत्त्वाचे वाटते ते विचारतो. त्या मुलीच्या डब्यातील उरलेली वाळू टाकून तर दिली नाहीत ना? शिल्लक असेल तर ती जपून ठेवा, कारण आपल्याकडील सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. फिलिप बुशे हे फ्रेंच शंखतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर कुमाक येथे सुमारे 295 चौरस किलोमीटरच्या परिसरातील सागरी मृदुकाय प्राण्यांची, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या वर्गातील प्राण्यांची, कसून मोजदाद केली आणि 2002 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांना 2738 जाती मिळाल्या आणि त्यांतील जवळजवळ एकतृतीयांश जाती पूर्ण वाढ झाल्यावरही 4.1 मिलिमीटरपेक्षा लहान होत्या. म्हणजे जो संग्राहक फक्त डोळ्यांत भरणारे शंख वेचतो त्याच्या हातून किनाऱ्याचा तिसरा हिस्सा सुटतोच. आपल्या विद्यार्थिनीने, कदाचित आळसाने म्हणा, अख्खी वाळू उचलली आणि तज्ज्ञ जे करतात तेच केले.

वाळूचे काम असे करावे. ती मीठ जाईपर्यंत धुवावी, पण पाणी ओतून देताना खाली मैद्याची चाळणी धरावी, कारण आत हवा अडकलेले शंख पाण्यावर तरंगतात आणि मोरीतून जातात. पूर्ण वाळल्यावर ती तीन भागांत चाळावी. तांदळाची चाळण, मग पिठाची, मग मैद्याची अशी उतरण घरातच मिळते; प्रयोगशाळेत आम्ही 2, 1 आणि 0.5 मिलिमीटरच्या जाळ्या वापरत असू, काम तेच होते. मग एकेका भागातील चमचाभर वाळू काळ्या कागदावर एकेरी थरात पसरावी आणि बारीक कुंचला पाण्यात किंचित ओला करून त्याच्या टोकाने शंख उचलावेत. चिमटा वापरू नये. चिमट्यातून शंख उडतो, आणि दोन मिलिमीटरचा उडालेला शंख शाळेच्या फरशीवर आजवर कोणाला सापडलेला नाही. सराफांकडे मिळते ते दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. जोडडोळ्यांचा सूक्ष्मदर्शक जवळच्या महाविद्यालयात असेल तर शनिवारी दुपारी मुलांना घेऊन जावे, कोणी नाही म्हणणार नाही.

एक मोठी खबरदारी. दोन ठिकाणांच्या वाळूत तीच चाळणी न धुता वापरू नये. आमच्याकडे एका विद्यार्थ्याला मांजरा नदीच्या गाळात एक सुंदर, फासळ्या असलेला समुद्री शंख सापडला. मुलगा हरखून गेला, मीही दोन दिवस बराच विचार केला, एका परिचितांना पत्रही लिहिले. तिसऱ्या दिवशी चाळणी उजेडाकडे धरली तर जाळीच्या भोकांत तसेच आणखी दोन अडकलेले होते. आदल्या महिन्यात रत्नागिरीची वाळू त्याच चाळणीतून गेली होती. तेव्हापासून चाळणी ब्रशने घासून, उपडी आपटून आणि उजेडाकडे धरून पाहिल्याखेरीज मी दुसरा नमुना हाती घेत नाही.

वेचलेल्यांपैकी सारेच शंख असतील असे समजू नका. फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव अगदी गोगलगाईसारखी वेटोळी कवचे करतात, पण भिंगाखाली त्यांत एकामागून एक बसवलेल्या खोल्या दिसतात, तर शंख ही आरंभापासून तोंडापर्यंत एकच अखंड नळी असते. समुद्री शेवाळाला चिकटलेली पांढरी चपटी वेटोळी बहुधा नळीत राहणाऱ्या किड्यांची असतात. मिलिमीटरभर लांबीचे, शेंगदाण्याच्या दोन डाळींसारखे मिटलेले कवच शिंपल्याचे नसून ऑस्ट्राकॉड या कवचधारी प्राण्याचे असण्याचा संभव मोठा असतो. हे काढून टाकू नका, वेगळ्या बाटलीत ठेवा. मुलांना फसलेल्या ओळखी दाखवण्यात फार मजा येते.

त्यानंतर येतो तो खरा अवघड प्रश्न. हाती असलेला शंख लहान जातीचा प्रौढ आहे की मोठ्या जातीचे पिल्लू? नुसत्या आकारावरून हे कळत नाही. पुष्कळ जातींत वाढ पूर्ण झाली की तोंडाचा ओठ जाड होतो, वळतो किंवा त्याच्या आत दात येतात. पिल्लाचा ओठ मात्र पातळ, धारदार आणि बहुधा तुटका असतो. वेटोळी मोजावीत. आणि शेंड्याकडे नीट पाहावे, कारण तेथे अंड्यातून किंवा अळीच्या अवस्थेतून आलेले पहिले इवलेसे कवच तसेच राहिलेले असते आणि त्याचा पोत पुढच्या भागापेक्षा वेगळा असतो. माणसाचे बाळपण पुसले जाते, शंखाचे त्याच्या डोक्यावर राहते. ओळख पटवणारा माणूस तोंडाच्या आधी हा शेंडा पाहतो, आणि गोंदात तोच शेंडा बुडालेला असेल तर हात टेकतो.

पिल्लांची ही गफलत आपल्याकडे सर्वांना परिचित आहे. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले, त्यानंतर दोन वर्षे मला बांधावरून बारीक शंखांची छायाचित्रे येत राहिली. ही कोणती नवी जात, असे विचारणारी. बहुतेक सारी त्याच आफ्रिकी गोगलगाईची नुकतीच अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले होती, चार-पाच मिलिमीटरची. ही गोगलगाय पूर्व आफ्रिकेतील असून 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंखप्रेमी इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून आणून कोलकात्याच्या बागेत सोडली. शंखांची आवड म्हणजे निरुपद्रवी छंद, असे कोणी म्हटले की मला बेन्सन आठवतो.

वाळूत एक बारीक, लांबुळका, कळसासारखा, मण्यांच्या रांगा कोरल्यासारखा शंख सापडतो का ते मुद्दाम पाहा. तीन ते आठ मिलिमीटरचा, बहुधा तपकिरी. त्याचा शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरून पाहा. बाकीच्या शंखांचे तोंड आपल्या उजव्या हाताला येईल, याचे डाव्या हाताला आले तर तो बहुतकरून ट्रायफोरिडी कुळातील आहे. या कुळातील जवळजवळ सर्व जाती डाव्या वळणाच्या असतात. देवघरातील ज्या दक्षिणावर्ती शंखाला लोक हजारो रुपये मोजतात तोही विज्ञानाच्या भाषेत डावाच असतो. आपण शंख शेंडा खाली करून धरतो म्हणून तो दक्षिणावर्ती ठरतो. पूजेच्या शंखाच्या जातीत तसे वळण क्वचितच निघते आणि म्हणूनच यात्रेत दक्षिणावर्ती म्हणून विकले जाणारे पुष्कळसे शंख अमेरिकेच्या किनाऱ्यावरील भलत्याच जातीचे असतात, ज्यांचे वळण जन्मजात डावे असते. मुलांच्या घरी हा विषय नक्की निघेल, म्हणून सांगून ठेवले. दुसरे एक बारीक कुळ आहे पिरॅमिडेलिडी. त्याच्या शेंड्यावरचे बालकवच एका दिशेने आणि पुढचा शंख उलट दिशेने वळलेला असतो. भिंगाखाली तो तिरपी टोपी घातल्यासारखा दिसतो.

नावांबाबत माझा सल्ला थोडा निराश करणारा आहे. कुळापर्यंत पोहोचलात तर शाळेच्या पातळीवर ते पुष्कळ झाले; जातीचे नाव ओढून-ताणून लावू नये. सूक्ष्म शंखांच्या जातींत एकमेकांपासूनचे फरक रेघांच्या संख्येएवढे असतात, आणि मोबाइलवरील ओळख सांगणारी साधने मोठ्या, रंगीत शंखांवर घडलेली असल्याने येथे आत्मविश्वासाने चुकतात. एखाद्या शंखाची नक्की ओळख हवीच असेल तर त्याची तीन छायाचित्रे काढावीत, तोंडाकडून, पाठीकडून आणि शेंड्यावरून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. आणि ती भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुण्यात आकुर्डी येथील पश्चिम विभागीय केंद्राकडे विचारावीत. मिळालेले नाव आज ग्राह्य आहे का हे मोलस्काबेस या खुल्या संकेतस्थळावर पाहता येते, कारण शंखांची शास्त्रीय नावे वारंवार बदलतात.

नाव नसले तरी शंख अभ्यासाचा राहतो. नोंद नसेल तर मात्र तो शोभेची वस्तू होतो. अरबी समुद्राच्या सूक्ष्म शंखांची आपली माहिती बऱ्याच अंशी फ्रेडरिक टाउन्सेंड या माणसामुळे आहे. तो पर्शियन आखात आणि अरबी समुद्रातील तारायंत्राच्या केबलींची देखभाल करणाऱ्या जहाजावर होता आणि 1893 ते 1900 या काळात त्याने तळातून काढलेला गाळ, जागा आणि खोलीच्या नोंदींसह जमवला. मेलव्हिल आणि स्टँडन या शंख-अभ्यासकांनी 1901 मध्ये त्यावरून प्रदीर्घ यादी प्रसिद्ध केली आणि कितीतरी नव्या जाती वर्णिल्या. मेलव्हिलचा संग्रह आज कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि अभ्यासक अजूनही तो पाहायला जातात, कारण शंखाबरोबर कागद आहे.

आपला कागद असा असावा: गुहागर, जिल्हा रत्नागिरी, पुळणीवर, भरतीच्या वरच्या रेघेतील वाळू, तारीख, वेचणाऱ्या मुलीचे नाव, नोंदवहीतील क्रमांक. साध्या पेन्सिलीने लिहावे. बॉलपेनची शाई फुटते आणि फिकी पडते, पेन्सिल टिकते. चिठ्ठी बाटलीच्या आत ठेवावी, बाहेर चिकटवलेली चिठ्ठी झुरळे खातात. बाटल्यांसाठी होमिओपॅथीच्या दुकानातील एक ड्रॅमच्या काचेच्या बाटल्या उत्तम. झाकण प्लॅस्टिकचे असावे, बुचाचे नको, कारण बूचही लाकडासारखेच. औषधाच्या रिकाम्या कॅप्सूल काही संग्राहक वापरतात, मीही वापरल्या, पण त्या जिलेटिनच्या असल्याने पावसाळ्यात मऊ पडतात आणि किडे त्यांना लागतात. कापूस शंखाला टेकवू नये, तंतू काट्यांत गुंततात. आणि आता सर्वांत अप्रिय गोष्ट: आपण चिकटवलेल्या शंभर शंखांपैकी काही जर दुसऱ्या ठिकाणच्या सहलीतील असतील आणि कोणते कोठले ते आठवत नसेल, तर ते अभ्यासाच्या संग्रहात घालू नका. ते प्रदर्शनासाठी ठेवा. अंदाजाने लिहिलेली जागा कोऱ्या चिठ्ठीपेक्षा वाईट, कारण ती पुढच्या माणसाला खरी वाटते.

मांडणीसाठी फार शंख लागत नाहीत. माझ्या अनुभवात पंचवीस-तीस पुरतात, त्याहून अधिक असले की पाहणारा एकही पाहत नाही. सूक्ष्म शंख चिकटवण्यासाठी पाण्यात विरघळणारा डिंक वापरावा म्हणजे हवे तेव्हा शंख सोडवता येतो. बाभळीचा डिंक आपल्याकडे फुकट मिळतो, परंतु तो वाळताना आकसतो आणि नाजूक शंखाला ओढून तडा देतो. काष्ठौषधीच्या दुकानातील कतिरा गोंद भिजवून, त्यात लवंगेच्या तेलाचा एक थेंब बुरशी न लागण्यासाठी टाकून वापरावा. थेंब सुईच्या टोकाएवढा. तळ काळा असावा, कारण बहुतेक सूक्ष्म शंख पांढरे किंवा पारदर्शक असतात. प्रत्येक शंखामागे त्याचे पोस्टकार्डाएवढे छायाचित्र लावावे. मोबाइलचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्यावर टेकवून, वेगवेगळ्या खोलीवर नेम धरून काढलेली आठ-दहा छायाचित्रे संगणकावर एकत्र केली की शेंड्यापासून ओठापर्यंत सारे स्पष्ट येते. भिंग दोरीने बांधून ठेवावे आणि फळी पाचवीच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी, शिक्षकांच्या नव्हे.

आकार कळावा म्हणून मी एकदा प्रत्येक शंखाशेजारी खरे धान्य ठेवले होते. ज्वारीचा दाणा, मोहरी, खसखस. आमच्याकडील कोणालाही मिलिमीटरपेक्षा ज्वारीचा दाणा लवकर कळतो आणि ती पाटी लोकांना फार आवडली. सहा महिन्यांनी ज्वारीत सोंडकिडे झाले आणि ते शेजारच्या कीटकांच्या पेटीपर्यंत पोहोचले. मग विभागप्रमुखांचे जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही. कल्पना अजूनही चांगलीच वाटते, फक्त धान्याचे त्याच मापातील चित्र छापून लावावे.

मुले ज्या मांडणीपुढे सर्वांत जास्त वेळ थांबत ती अगदी साधी होती. एका काचेच्या वाटीत एक चमचा न निवडलेली वाळू, आणि शेजारच्या काळ्या पट्टीवर तशाच दुसऱ्या चमच्यातून निघालेले सर्व शंख, ओळीने. मुले वाटीत वाकून वाकून शोधत असत. आपल्याकडे वाळू उरली असेल तर ही मांडणी अवश्य करून पाहा. तिला ना छायाचित्र लागते ना शास्त्रीय नाव.

समुद्र पाहायला एसटीत एक रात्र काढावी लागते अशा मुलखात हे कशासाठी, असेही आपण पत्राच्या शेवटी हळूच विचारले आहे. शंख येथे नवे नाहीत. पैठण आणि तेर ही सातवाहनांच्या काळातील व्यापारी गावे, आणि तेरच्या उत्खननात शंखाच्या बांगड्या निघाल्या. शिवाय सूक्ष्म शंखांसाठी समुद्रच हवा असे नाही. गोदावरीचा पूर ओसरला की काठावर काड्या-कचऱ्याची जी रेघ राहते तिच्यात हलके, रिकामे शंख जमतात. तेथील दोन मुठी कचरा वाळवून वर सांगितल्याप्रमाणे चाळा. टोकदार, लांबट मेलानॉइड्स मिळेल, पातळ कवचाचा लिम्निया मिळेल, आणि नाण्यासारखी चपटी वेटोळी मिळतील. या चपट्यांवर वर सांगितलेला पिल्लू-प्रौढाचा प्रश्न मुलांना सोडवायला द्यावा. पाच-सहा मिलिमीटरची चपटी चकती गायरॉलसचा प्रौढ असू शकते किंवा इंडोप्लॅनॉर्बिसचे पिल्लू; इंडोप्लॅनॉर्बिसची वेटोळी लवकर जाड आणि उंच होत जातात, गायरॉलसची शेवटपर्यंत पातळ राहतात. जनावरे असलेल्या घरांना हे परके वाटणार नाही, कारण लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस या दोन्हींतून गुराढोरांना पर्णकृमी लागतात. म्हणून जिवंत गोगलगायी हाताने उचलू देऊ नयेत आणि ओढ्यात उतरल्यावर हातपाय साबणाने धुवायला लावावेत.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो. मोठे घोडशिंपले, नॉटिलस, शिरस्त्राण शंख, ट्रायटन अशा काही जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कोणी पालकाने शाळेला भेट म्हणून दिले तरी ते प्रदर्शनात लावण्यापूर्वी वनखात्याला विचारावे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, तेथून काहीही उचलू नये. इतर किनाऱ्यांवर भरतीच्या रेघेतील मेलेले शंख दोन-तीन मुठी वाळूसह घ्यावेत, आणि तोंडावर झाकणी घट्ट बसलेली असेल किंवा आतून खेकडा डोकावत असेल तर ठेवून द्यावेत.

आपल्याला आजच करता येण्याजोगे एवढेच: पुठ्ठा कपाटातून बाहेर काढून उघड्या हवेशीर जागी ठेवा, कोमट पाण्यात घालण्यापूर्वी त्याचे वरून एक स्पष्ट छायाचित्र काढा म्हणजे कोणता शंख कोठे होता हे राहील, आणि त्या मुलीला विचारून वाळू कोणत्या जागेवरून उचलली ते तिच्या शब्दांत लिहून घ्या. पाण्याच्या किती जवळून, सुरूच्या बनाच्या बाजूला की खाडीच्या. वर्ष उलटत आले आहे, पण मुलांना असे आठवते. ट्रायफोरिडीचा संशय वाटणारा एखादा निघालाच तर त्याचे छायाचित्र येथे टाका, मी पाहीन.